सकाळी सहाची बॅच: वसतिगृहातल्या एका विद्यार्थ्याचं प्रकरण

हे प्रकरण पुण्याबाहेरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातलं आहे. मी तिथे शिकवते आणि दुसऱ्या वर्षाच्या वीसेक मुलांची जीएफएम, म्हणजे गार्डियन फॅकल्टी मेंबर आहे. ज्याच्याविषयी लिहिते आहे त्याला विचारून लिहिते आहे. शाखा, गाव, वर्ष आणि ओळख पटेल असं बाकीचं सगळं बदललं किंवा गाळलं आहे. त्याला इथे 'स' म्हणते. मसुदा त्याने वाचला आणि एकच दुरुस्ती सांगितली. ती शेवटी आहे.

पार्श्वभूमी

'स' डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला. अशा मुलांना कॉलेजात डीएसई म्हणतात. त्यांच्या प्रवेशाच्या कॅप राउंड संपून ती वर्गात येईपर्यंत टर्म बरीच पुढे गेलेली असते. बेंच ठरलेले असतात, प्रॅक्टिकलच्या बॅचेस पडलेल्या असतात, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नोट्सचा ढीग झालेला असतो. त्यात एम-थ्री. बाकीच्यांनी पहिल्या वर्षी एम-वन, एम-टू केलेलं असतं आणि त्यांनाही तिसरं गणित जड जातं. डीएसईवाल्याला तर लाप्लास ट्रान्सफॉर्म पहिल्यांदा दिसतो तोच मधूनच सुरू झालेल्या सिनेमासारखा. इन-सेम, म्हणजे टर्मच्या मधली परीक्षा, तेव्हा 30 गुणांची होती आणि ती ज्या युनिट्सवर होती त्यांचे निम्मे तास या मुलांनी ऐकलेलेच नव्हते.

'स' मराठवाड्यातल्या एका गावचा. घरी कोरडवाहू शेती, वडील भाड्याने टेम्पो चालवतात. पॉलिटेक्निकला तो वर्गात पहिला होता आणि ते गावात सगळ्यांना माहीत होतं. पेढे वाटून झाले होते. इथे तिघांच्या खोलीत चौघे राहत. चौथी कॉट दाराला लागून होती, ती याची.

त्याच टर्मला कॉलेजने 'तणावमुक्त परीक्षा' नावाचा उपक्रम काढला. सोमवार ते शनिवार, सकाळी सहा ते पावणेसात, सहा आठवडे, ड्रॉइंग हॉलमधली टेबलं भिंतीला लावून योग. शिकवायला गावातल्या एक अनुभवी योगशिक्षिका. मुलं त्यांना ताई म्हणत, मीही तेच म्हणते. आयुष मंत्रालयाने 21 जूनच्या योग दिनासाठी 45 मिनिटांचा जो सामान्य योग अभ्यासक्रम ठरवून दिला आहे, तोच घ्यायचा असं वरून सांगितलं होतं. हेतू चांगला होता, याबद्दल मला अजून शंका नाही. पण हजेरीचं रजिस्टर होतं, रोज जिओटॅग केलेला फोटो काढायचा होता, आणि ज्यांची टेस्ट बिघडली किंवा तास बुडाले त्यांची नावं जीएफएमने पाठवायची होती. 'टर्म वर्कचे गुण देताना विचार करू' असं तोंडी सांगितलं गेलं. म्हणजे सबमिशनच्या यादीत आणखी एक सबमिशन वाढलं, फक्त ते सतरंजीवर करायचं.

अडचण

इन-सेमचा निकाल लागल्यावर दोन दिवसांनी 'स' स्टाफरूमच्या दाराशी आला. एम-थ्रीला 30 पैकी 4. मी जर्नल्स तपासत होते, समोर तीस-पस्तीसचा गठ्ठा. हजेरीबद्दल काहीतरी विचारायला आला होता. मी वर न बघता पोर्टलवर बघायला सांगितलं. तो उभाच राहिला. मग मी वर पाहिलं. डोळे लाल, हातातली पेन सारखी टिकटिक करतोय. मी म्हणाले, "अरे, एवढं टेन्शन घेऊ नकोस. सकाळच्या योगाला येत जा, बरं वाटेल." आणि यादीत त्याचं नाव लिहिलं. तो "हो मॅडम" म्हणून गेला. सगळं मिळून दोन मिनिटंही लागली नसतील.

या प्रकरणातला पहिला निर्णय हा होता, आणि निर्णय घेतोय हेही मला तेव्हा कळलं नव्हतं. सल्ला दिला, पण बोलणं आटपायला दिला. मी जर्नलकडे परत वळले तेव्हा एक काम हातावेगळं केल्याचं समाधानसुद्धा वाटलं होतं, हे मला चांगलं आठवतं.

बॅचच्या पहिल्या दिवशी सगळ्यांकडून एक फॉर्म भरून घेतला होता. ताणाची मोजपट्टी म्हणून जगभर वापरतात ती पीएसएस, म्हणजे मागच्या महिन्याबद्दलचे दहा प्रश्न आणि 0 ते 40 गुण. गुण जितके जास्त तितका ताण जास्त. फॉर्मवर रोल नंबर लिहायचा होता आणि गोळा करायला वर्गशिक्षक फिरत होते. 'स'चे गुण आले 11. कागदावर तो आमच्या बॅचमधल्या निवांत मुलांपैकी एक होता.

नवव्या दिवशी कपालभाती चालू होती. ताई आकडे मोजत होत्या, पोरं जोशात होती, कोण जास्त जोरात श्वास फेकतो अशी मागच्या रांगेत चढाओढ. खिडकीजवळ बसलेला 'स' आधी थांबला, मग त्याने पुन्हा सुरू केलं आणि दुसऱ्या आवर्तनात बाजूला कलला. ओठ बधिर झालेत म्हणाला. दोन्ही हातांची बोटं जुळून आत वळली होती, ती त्याला उघडता येईनात. श्वास आणखी जोरात चालू झाला. कोणीतरी ओरडलं, फिट आली. एकजण मेसकडे कांदा आणायला पळाला, दुसऱ्याने चप्पल नाकाला धरली. ताईंनी चप्पल बाजूला सारली, त्याच्यासमोर मांडी घालून बसल्या आणि एकच सांगत राहिल्या: "माझ्याकडे बघ. घेऊ नकोस, सोड. हळू सोड. अजून सोड." दहा-बारा मिनिटांत बोटं सुटली. मग तो रडायला लागला, साठ मुलांसमोर.

दवाखान्यात ईसीजी नीट आला, साखर नीट आली. डॉक्टरांनी सांगितलं ते असं: घाबरलेला माणूस आधीच भराभर श्वास घेत असतो. त्यात जोराचा श्वासोच्छ्वास केला की शरीरातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो, रक्ताचं रसायन तात्पुरतं बदलतं, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते, बोटं आखडतात. त्याने माणूस आणखी घाबरतो आणि आणखी भराभर श्वास घेतो. तोंडावर कागदी पिशवी धरण्याचा जुना उपाय आता सुचवत नाहीत, हेही त्यांनी सांगितलं, कारण आमच्यातले एकजण तीच शोधत होते. मग त्यांनी 'स'ला विचारलं, रात्री किती वाजता झोपलास? "अडीचला." उठलास? "साडेपाचला, योगाला." रात्रीचं जेवण? मेस बंद झाली होती. चहा? तीन कप.

हे चार प्रश्न मी स्टाफरूमच्या दारात विचारू शकले असते.

समोरचे पर्याय

दुपारी प्राचार्य सरांच्या केबिनमध्ये बसलो. सर, रेक्टर, क्रीडा संचालक (मुलांच्या भाषेत पीटी सर), ताई आणि मी.

रेक्टरांचं म्हणणं, बॅच आजच बंद करा. उद्या कोणाला खरंच काही झालं तर पालक आपल्याला धरतील. त्यांची भीती खोटी नव्हती. पण बंद केली असती तर 'याच्यामुळे बंद झाली' हे त्याच्या नावावर कायमचं चिकटलं असतं.

दुसरं, एकट्या 'स'ला सूट देऊन बाकीचं जसंच्या तसं चालू ठेवायचं. सगळ्यात सोपं, आणि मतदान घेतलं असतं तर हेच मंजूर झालं असतं. ताईंनी ते अडवलं. त्या म्हणाल्या, "शवासनात डोळे मिटले की अर्धी बॅच घोरते. मी रोज उठवते त्यांना. हे एकट्याचं नाही, सर." आम्ही त्या घोरण्यावर हसायचो, योगात झोपतात म्हणून. खोलीत क्षणभर कोणी बोललं नाही.

तिसरं, वडिलांना बोलावून आठवड्यासाठी घरी पाठवायचं. मला सुरुवातीला हेच पटत होतं. पण एक आठवडा म्हणजे सगळ्या विषयांची एकेक प्रॅक्टिकल, आणि मागे पडल्यामुळेच तो इथवर आला होता. शिवाय तो वीस वर्षांचा. त्याला न विचारता घरी फोन करण्याचा हक्क आपल्याला आहे का, हा प्रश्न पीटी सरांनी काढला. जिवाला धोका आहे असं दिसलं तर गोष्ट वेगळी, एरवी आधी त्याला विचारायचं असं ठरलं.

चौथं, समुपदेशक. आठवड्यातून दोन दिवस एक समुपदेशक मॅडम येतात. त्यांची खोली परीक्षा विभागाच्या शेजारी आहे आणि तिथे फॉर्म भरायला कायम रांग असते. त्या दारातून आत जाणं म्हणजे शंभर जणांना सांगून जाणं. टर्मभरात तिकडे किती कमी मुलं गेली ते पाहून 'आपल्या मुलांना गरजच नाही' असा अर्थ आम्ही काढला होता.

बॅचचं स्वरूप बदलणं हा पाचवा पर्याय ताईंनी मांडला. त्या पहिल्या दिवसापासून तेच म्हणत होत्या, असं नंतर कळलं. त्यांना विचारलंच कोणी नव्हतं.

काय केलं

सगळ्यात आधी मी 'स'शी बोलले. केबिनमध्ये बोलावलं तर बोलणार नाही असं वाटलं, म्हणून कॉलेजच्या मागच्या रस्त्याने चालायला निघालो. शेजारी चालताना एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, त्यामुळे मुलं मोकळी बोलतात. पहिली दहा मिनिटं काहीच नाही. मग एकदम सगळं आलं. एम-थ्री. इंग्रजीतून प्रश्न विचारायची लाज. खोलीतल्या तिघांनी रात्री दिवा बंद करायला सांगितलं म्हणून जिन्यात बसून केलेला अभ्यास. शिष्यवृत्तीचे पैसे आले नाहीत आणि वडिलांनी मेससाठी उसने घेतले, ते. "गावात सगळ्यांना वाटतंय मी इथंबी पहिलाच येणार."

मग एक प्रश्न विचारायचा होता आणि माझी जीभ रेटत नव्हती. आपण विचारलं तर त्याच्या डोक्यात नसलेलं घातलं जाईल असं वाटतं. समुपदेशक मॅडमनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं की तसं होत नाही, सरळ शब्दांत विचारा. मी विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का कधी?" तो थांबला. "तसं नाही मॅडम. पण कधी कधी वाटतं, सकाळ होऊच नये."

त्याच दिवशी संध्याकाळी समुपदेशक मॅडम त्याला भेटल्या, ग्रंथालयाच्या मागच्या वाचनकक्षात. तिथे गेलेला मुलगा अभ्यासाला गेलाय असंच दिसतं. पुढच्या भेटीही तिथेच झाल्या. त्यांनी पीएचक्यू-9, म्हणजे नैराश्य तपासायचा नऊ प्रश्नांचा फॉर्म, भरून घेतला. त्याचे गुण मला सांगितले नाहीत आणि मी विचारले नाहीत. लगेचचा धोका दिसत नाही, पण दर आठवड्याला भेटायला हवं, आणि झोप दोन आठवड्यांत सुधारली नाही तर मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवू, एवढंच कळवलं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर त्याने माझ्यासमोर फोनमध्ये सेव्ह केला. घरी फोन त्याने स्वतः केला, मी शेजारी बसले होते. वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मॅडम, पैशाचं मी बघतो. त्याला म्हणावं जेवत जा टायमावर."

योगाची बॅच ताईंनी मोडून नव्याने बांधली. वेळ संध्याकाळी पावणेसहा, प्रॅक्टिकल सुटल्यावर. तीस मिनिटं. रजिस्टर नाही, फोटो नाही. नव्या मुलांना कपालभाती नाहीच. सुरुवातीला सहा सावकाश सूर्यनमस्कार, मग ताडासन, त्रिकोणासन, भिंतीला पाय लावून पडून राहणं. श्वासाचं म्हणाल तर एवढंच: चार मोजत घ्यायचा, सहा मोजत सोडायचा. म्हणजे मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. मग भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडणं, आणि शवासन दहा मिनिटं. झोप लागली तर लागू द्यायची. पतंजलींचं 'स्थिरसुखमासनम्' सांगताना ताई 'सुख'वर थांबायच्या आणि म्हणायच्या, तुमच्या कॉलेजने फक्त 'स्थिर' वाचलंय.

जाता जाता एक. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं ते योगक्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो हे प्रयोगशाळेत तपासायचं म्हणून. आम्ही अख्खं इंजिनिअरिंग कॉलेज, मोजायच्या यंत्रांनी भरलेलं, आणि आम्ही मोजली ती हजेरी.

'स' नव्या बॅचला पहिल्या आठवड्यात तीनदा आला, दुसऱ्यात एकदा. मला वाईट वाटलं. पीटी सरांना अजिबात नाही. त्यांनी त्याला विचारलं, गावाकडे काय खेळायचास? व्हॉलीबॉल. इथे का नाही खेळत? "सर, अभ्यास सोडून ग्राउंडवर दिसलो तर बरं दिसत नाही." पीटी सरांनी त्याला आठवड्यातून चार दिवस चाळीस मिनिटं खेळायला लावलं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, तुझे 160 होतात, दहा मिनिटं बोनस, असा त्यांचा हिशेब. मुख्य म्हणजे मला त्याच्या वर्गशिक्षकांना सांगायला लावलं की हा ग्राउंडवर दिसला तर टोकायचं नाही.

बाकीच्या दोन गोष्टींचा योगाशी संबंध नाही. तिसऱ्या वर्षातल्या, डीएसईनेच आलेल्या एका मुलीने त्याला आणि आणखी चौघांना आठवड्यातून दोनदा मराठीतून एम-थ्री शिकवायला सुरुवात केली. आणि शिष्यवृत्ती का अडकली ते पाहिलं, तर त्याचं बँक खातं आधारला जोडलेलं नव्हतं. एका फॉर्मचं काम. तीन महिने तो त्या पैशांच्या काळजीत जागत होता.

पुढे काय झालं

झोप सुधारायला महिना लागला. रात्री आठनंतर चहा बंद आणि साडेबाराला दिवा बंद, हे त्याने आणि समुपदेशक मॅडमनी मिळून ठरवलं. आठवड्यातले दोन-तीन दिवस तरी ते मोडायचंच. मनोविकारतज्ज्ञांकडे एकदा जाऊन आला, औषधं लागली नाहीत. कपालभातीच्या दिवसासारखं पुन्हा एकदाच झालं, एका तोंडी परीक्षेआधी. तेव्हा तो बाथरूममध्ये गेला आणि दार लावून पाच मिनिटं भ्रामरी केली. बाहेर उभ्या असलेल्या मुलांना आत कोणीतरी मोबाइल व्हायब्रेटवर विसरलाय असं वाटलं. ही गोष्ट तो स्वतःच हसून सांगतो.

एम-थ्री त्या टर्मला राहिलं. बाकीचे विषय निघाले, वर्ष वाया गेलं नाही, आणि गणित पुढच्या खेपेला निघालं, काठावर. यातलं किती श्रेय व्हॉलीबॉलचं, किती श्वासाचं, किती त्या मुलीच्या मराठी लाप्लासचं आणि किती बँकेच्या फॉर्मचं, हे मला वेगळं काढता येत नाही. वेगळं काढून दाखवणाऱ्या अहवालावर सही करायला मी नकार दिला, त्यावरून थोडी कटकटही झाली.

संध्याकाळच्या बॅचला साठांवरून अठरा मुलं उरली. अहवालात हा उपक्रम 'अल्प प्रतिसाद' म्हणून गेला. त्या अठरांपैकी अकरा अजून येतात.

वेगळं काय करता आलं असतं

बॅच सुरू करण्याआधी एका पानाची विचारपूस हवी होती: झोप किती, जेवण कधी, दमा, रक्तदाब, आधी कधी घाबरून श्वास अडकला होता का. जोराच्या प्राणायामाआधी ताई हे एरवी विचारतातच. साठ जणांना एका वेळी कसं विचारणार, म्हणून आम्हीच त्यांना घाई केली. पीएसएसचा फॉर्म रोल नंबरशिवाय, पेटीत टाकायला दिला असता तर खरी उत्तरं मिळाली असती. एकेका मुलाचा पत्ता लागला नसता, पण बॅचची अवस्था कळली असती. आता तसंच करतो.

सकाळी सहा ही वेळ हॉल रिकामा असतो म्हणून निवडली होती. तीन तास झोपलेल्या मुलाला योगासाठी उठवून बसवण्यापेक्षा झोपू दिलेलं बरं, हे आज मी कोणत्याही बैठकीत सांगेन. समुपदेशकांची खोली मात्र अजून परीक्षा विभागाशेजारीच आहे. वाचनकक्षाची सोय आमची आपली, तोंडी चाललेली.

एका गोष्टीबद्दल माझं मत अजून ठरत नाही. त्या दिवशी त्याला साठ मुलांसमोर रडू देण्याऐवजी हॉल लगेच रिकामा करायला हवा होता का? मी म्हणते हो. ताई म्हणतात, त्यानंतरच बाकीची मुलं त्यांच्याकडे येऊन बोलायला लागली. 'स'ला विचारलं तर तो खांदे उडवतो.

आणि त्याची दुरुस्ती. मसुद्यातल्या स्टाफरूमच्या प्रसंगाखाली त्याने पेन्सिलीने लिहिलं होतं: "मॅडम, मी हजेरीचं विचारायला आलो नव्हतो. ते तुम्ही वर बघितलं नाही म्हणून विचारलं." मी ते वाक्य वर बदललेलं नाही, मला जसं आठवत होतं तसंच ठेवलं आहे.